कमवा आणि शिका म्हणजे प्रकल्प-शिक्षण नव्हे

नव्या शैक्षणिक धोरणावर साताऱ्यात किंवा सांगलीत व्याख्यान असले की वक्ता थोड्याच वेळात एका ठरलेल्या वाक्यावर येतो. प्रकल्पातून शिक्षण, उद्योजकता, हाताचे कौशल्य हे सगळे आमच्या कर्मवीरांनी शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवले आहे! टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. या वाक्याला सहसा कोणी हटकत नाही, कारण हटकणारा कृतघ्न ठरतो. पण वाक्य अर्धेच खरे आहे आणि त्याच्या खोट्या अर्ध्याच्या आडोशाला आपल्या शाळा बिनघोर बसून आहेत.

आधी पूर्वपक्ष नीट मांडू. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. ते पुढे धनिणीच्या बागेत वाढले आणि १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. मुले शेतात राबत, पाळीपाळीने स्वयंपाक करत, इमारतीसाठी दगड-माती वाहत. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही याच ‘कमवा आणि शिका’च्या तत्त्वावर. कोलंबिया विद्यापीठातल्या विल्यम किलपॅट्रिक यांचा प्रकल्पपद्धतीवरचा गाजलेला निबंध १९१८ चा, म्हणजे काल्याच्या आदल्या वर्षीचा. शिवाय भाऊराव स्वतः कारखानदारीतून आलेले. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर त्यांनी गावोगाव फिरून विकला आणि पुढे कूपरांच्या कारखान्याच्या उभारणीत हात घातला. उद्योजकता आणि शिक्षण एकाच माणसात नांदत होते, मग आणखी काय हवे?

हवे ते असे. प्रकल्प-शिक्षणात काम हाच धडा असतो. ‘कमवा आणि शिका’मध्ये काम ही फी होती. सकाळी मुलाने श्रम करायचे, त्यातून त्याच्या जेवणाचा आणि शिक्षणाचा भार उचलला जायचा आणि नंतर वर्गात तो बसायचा ते मॅट्रिकच्याच अभ्यासाला. पाटाच्या पाण्याचे माप भूमितीच्या तासाला यावे, बाजारभावाचा चढउतार अंकगणितात यावा, अशी सोय त्या अभ्यासक्रमात नव्हती. श्रम आणि धडा एकाच आवारात राहिले, पण एकमेकांना भेटले नाहीत.

हा भाऊरावांचा दोष नव्हे. त्यांचा प्रश्नच वेगळा होता. ज्या घरात अक्षर शिरले नव्हते तिथल्या मुलाला मॅट्रिकच्या दारापर्यंत न्यायचे होते, आणि त्या काळी त्या मुलाला प्रयोगशील अभ्यासक्रमापेक्षा सर्टिफिकेटची गरज जास्त होती. त्यांचे खरे मोठेपण कुठे आहे ते व्याख्यानांत येतच नाही. त्यांनी श्रमाची जातीपासून फारकत केली. सगळ्या जातींची मुले एका चुलीवर रांधत, एका पंगतीला बसत. कुणी काय काम करायचे ते जन्मावर अवलंबून राहिले नाही. याची किंमत कळायची तर १९५३ चे मद्रास आठवावे. मुख्यमंत्री राजाजींनी प्राथमिक शाळा अर्ध्या वेळेची केली आणि उरलेल्या वेळात मुलाने घरचा धंदा शिकावा असे ठरवले. कुंभाराच्या पोराने कुंभारच व्हायचे की काय, म्हणून लोक खवळले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी योजना गुंडाळली. कामातून शिक्षण म्हटले की हा धोका असतोच. साताऱ्याच्या वसतिगृहाने तो टाळला होता. शाळेत उद्योजकता आणताना भाऊरावांकडून घ्यायचे ते हे.

काम आणि धडा जोडण्याचा मोठा प्रयत्न झाला तो १९३७ च्या वर्ध्यात. झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाशी सगळ्या विषयांचा समवाय साधायचे ठरवले. तिथेच अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहांनी खोडा घातला. शाळेतल्या मुलांनी बनवलेला माल बाजारात आला तर व्यावसायिक कारागिराच्या पोटावर पाय येईल, असे ते म्हणाले. आक्षेप रास्त होता. पण वर्ध्याची ही ‘नई तालीम’ प्रत्यक्षात बसली ती वेगळ्याच कारणाने. सूत कातून मूल भूगोल कसा शिकेल हे शिक्षकाला ठाऊक नव्हते आणि परीक्षा तर जुनीच राहिली. कोठारी आयोगानंतर तिचा नातू ‘कार्यानुभव’ या नावाने वेळापत्रकात आला. त्याची हकीकत माझ्या पिढीला सांगायला नको. तो तास गणिताच्या सरांनी उसना घ्यायचा, आणि वर्षाअखेरीस कागदी फुलांची माळ व तोरण जमा करायचे. आता त्या जागी ‘प्रकल्प’ आहे. तो स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. ज्वालामुखीला मागणी बरी असते.

हे जमलेच नाही असे मात्र नाही. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून आलेला हा शास्त्रज्ञ. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञान अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन, आरोग्य यांत घालवतात. शिकवायला बऱ्याचदा गावातलाच कारागीर असतो. आणि मेख अशी की काम गावाच्या उपयोगाचे असते आणि गाव त्याचे पैसे मोजते. कुणाला फाटक हवे असते, कुणाला माती तपासून हवी असते, कुणाला रक्तगट हवा असतो. फाटक वाकडे झाले तर मालक ते परत पाठवतो. विज्ञान प्रदर्शनातल्या परीक्षकाला ही सोय नसते.

दुसरा प्रचलित समज याच्या उलट्या टोकाचा आहे. हे सगळे आता प्रयोगशाळेने होईल, असे त्यात गृहीत असते. २०१६ पासून अटल इनोव्हेशन मिशनने निवडक शाळांना टिंकरिंग लॅबसाठी २० लाखांपर्यंत अनुदान देऊ केले. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, अर्डुइनो बोर्ड आले. त्याला माझा विरोध नाही. पण त्यातून बनते काय? मातीतला ओलावा मोजून आपोआप पाणी घालणारी कुंडी. ज्या मुलाचा बाप शेतीची लाइट रात्री येते म्हणून मोबाइलवरच्या ऑटो स्टार्टरने मोटर चालू करतो, त्या मुलाने ही कुंडी कुणासाठी बनवायची? यंत्र आहे, गिऱ्हाईक नाही. कर्मवीरांच्या वसतिगृहात काम खरे होते आणि धडा सुटलेला होता. इथे धडा आहे, पण काम लुटुपुटूचे आहे.

तासगावकडे खरे काम आणि धडा दोन्ही आयते पडले आहे. द्राक्षाचा बेदाणा करताना शेतकरी धरून चालतो की चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा. हे चारास एक आले कुठून? आठवीच्या मुलाला शेकडेवारी येते, तेवढी पुरे. ढोबळ मानाने द्राक्षाची गोडी २२ ब्रिक्स, म्हणजे २२ टक्के घन भाग, असेल तर चार किलोंत ८८० ग्रॅम घन भाग आणि बाकी पाणी. वाळल्यावर बेदाण्यात १५ टक्के पाणी उरते असे धरा. ८८० ला ०.८५ ने भागले की १,०३५ ग्रॅम येतात. आता घाईने १८ ब्रिक्सला माल उतरवला तर? ७२० भागिले ०.८५, म्हणजे साधारण ८४७ ग्रॅम. चार टन मालामागे १८८ किलो बेदाणा कमी पडला. तो सौद्यातल्या भावाने गुणायचा आणि गोडी वाढायला आणखी आठवडाभर माल वेलीवर ठेवला तर अवकाळीचा धोका किती, ते मुलाने घरच्यांशी बोलून मांडायचे. उद्योजकता याहून वेगळी काय असते? पुढे द्राक्षे बुडवायचे डिपिंगचे द्रावण आहेच. पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट सालीवरचा मेणचट थर का विस्कटतात, त्याने वाळण्याचे दिवस का कमी होतात, हिरवा बेदाणा उन्हात न टाकता शेडच्या जाळीवर सावलीत का वाळवतात. विज्ञानाचे धडेच्या धडे शेडमध्ये लटकलेले आहेत.

खानापूर-आटपाडीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. मराठी पोराच्या रक्तात धंदा नाही, असे म्हणणाऱ्याने विट्याला जाऊन यावे. तिथल्या गलाईवाल्यांची, म्हणजे सोने-चांदी गाळणाऱ्यांची, दुकाने भारतभर पसरली आहेत. सोने-चांदी शुद्ध करताना चांदी नायट्रिक आम्लात विरघळते आणि त्या द्रावणात तांबे घातले की पुन्हा खाली बसते. दहावीच्या पुस्तकात हीच विस्थापन अभिक्रिया मोरचुदाच्या द्रावणातल्या लोखंडी खिळ्याच्या रूपाने आहे. विट्याचा मुलगा खिळा पाठ करतो. काका कोइमतूरला काय करतो हे वर्गात कुणी विचारत नाही. मुलांच्या हाती आम्ल द्या असे मी म्हणत नाही. सुट्टीला गावी आलेल्या काकाला तासभर फळ्यापुढे उभे करायला कोणते अनुदान लागते?

एक आक्षेप उरतो, बालमजुरीचा. शेडवर मुले गेली की फुकट हात मिळाले असे मालकाला वाटणारच. म्हणून मोजणे, तपासणे, हिशेब मांडणे आणि तो शेडमालकाला तोंडावर सांगणे एवढेच मुलांचे काम असावे. जाळीवर माल टाकायला मजूर आहेत, त्यांची मजुरी हिशेबात यावी. आणि ज्यांच्या घरी बाग नाही, मजुराघरची जी मुले आहेत, ती गटात आधी घ्यावीत. नाहीतर बागायतदाराचा मुलगा बागायतदारीच शिकेल आणि आपण राजाजींच्या जागी जाऊन बसू.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती पंचांगात आहे. नव्या धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत. बेदाणा वाळायलाच दोन आठवडे लागतात. हंगाम फेब्रुवारी ते एप्रिलचा, म्हणजे नेमका वार्षिक परीक्षेचा. माल वाळत असतो तेव्हा पोरे घोकत असतात आणि शेड रिकामी झाल्यावर त्यांना सुट्टी लागते. दहावीला गणिताचे २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. गृहपाठ आणि चाचणी यांवर ते आज वाटले जातात. तासगाव-पलूसच्या शाळांनी नववीपासूनच असे गुण शेडच्या वहीला द्यावेत आणि ती वही तपासताना सरांच्या शेजारी शेडचा मालक बसवावा. साताऱ्याला महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हंगाम थंडीत असतो, तिथे परीक्षेची अडचणही कमी. मंडळाच्या परवानगीसाठी पत्रव्यवहार करावा लागेल. तो कुणी सुरू केला तर कर्मवीरांचे नाव घ्यायला माझी हरकत नाही.