पिधानाचा धडा

आमच्या आजोबांच्या पंचांगात 'पिधानयुती' हा शब्द असायचा. चंद्र रोहिणीवरून सरकणार, रोहिणी झाकली जाणार, म्हणजे पिधान. त्या रात्री आजोबा अंगणात बाज टाकून बसत. तारा चंद्राच्या कडेला टेकला की फुंकर मारल्यासारखा विझायचा. पुढे मी नारायणगावच्या बाजूला तीस वर्षे विज्ञान शिकवले, तरी आमच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची वंशावळ या शब्दापाशी जाऊन पोचते हे मला फार उशिरा कळले.

1959 साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी रेडिओ लहरी सोडणाऱ्या आकाशातल्या ठिकाणांची तिसरी यादी छापली. तिच्यातला 273 वा उगम कन्या राशीत होता. पण तेव्हाच्या रेडिओ दुर्बिणींची नजर अंधूक. आवाज त्या बाजूने येतोय एवढे कळायचे, नेमका कुठल्या ठिपक्यातून ते नाही.

इथे चंद्र कामाला आला. रात्री शेताच्या बांधावरून चालताना लांबच्या वस्तीवरचा दिवा विजेच्या खांबाआड जातो. खांब कुठे आहे आणि आपण कुठे होतो हे ठाऊक असले की दिव्याची दिशा पक्की सांगता येते. दिवा एका दमात न विझता आधी मंद झाला आणि मग गेला, तर तिथे दोन दिवे आहेत हेही कळते. चंद्राची कडा कोणत्या सेकंदाला कुठे असेल हे गणिताने आधीच ठाऊक असते. तो आपला खांब.

1962 साली चंद्र या उगमावरून जाणार होता. ऑस्ट्रेलियात पार्क्स इथल्या 64 मीटरच्या दुर्बिणीने 5 ऑगस्टला सिरिल हॅझर्ड यांच्या योजनेप्रमाणे ते पिधान टिपले. उगम क्षितिजाकडे उतरत होता, म्हणून दुर्बीण नेहमीच्या मर्यादेपेक्षा खाली झुकवावी लागली. उत्तर आले: दिवे दोन. त्यातला एक ज्या ठिपक्यावर बसत होता तो दिसायला साधा तारा होता. कॅलिफोर्नियात मार्टिन श्मिट यांनी त्याचा वर्णपट घेतला, तर त्यातल्या रेषा कशाशीच जुळेनात. 5 फेब्रुवारी 1963 ला त्यांच्या ध्यानात आले, की या हायड्रोजनच्याच ओळखीच्या रेषा आहेत, फक्त सोळा टक्के ताणलेल्या. म्हणजे हा 'तारा' प्रचंड वेगाने दूर चाललेला आणि त्याचा प्रकाश सुमारे 200 कोटी वर्षांपूर्वी निघालेला. एवढ्या लांबून दिसणारा हा उजेड कशाचा? आज उत्तर आहे: सूर्याच्या कोट्यवधी पट वस्तुमानाच्या कृष्णविवरात पडता पडता तापलेल्या वायूचा. 'क्वासार' हे नाव 1964 साली पडले.

त्याच 1963 मध्ये रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप होमी भाभांच्या बोलावण्यावरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. आधी कल्याणला, ऑस्ट्रेलियाने देऊन टाकलेल्या सहा-सहा फुटांच्या बत्तीस तबकड्या जोडून त्यांनी सूर्य न्याहाळला. पण मनात पिधान होते. एका पिधानावर एवढे कळते, तर शेकडो का मोजू नयेत? त्यासाठी चंद्राबरोबर तासन् तास फिरणारी मोठी दुर्बीण हवी. उटी विषुववृत्ताच्या उत्तरेला अकरा अंशांवर. तिथे त्यांनी नेमका अकरा अंश उताराचा डोंगर शोधला आणि 1970 साली त्यावर 530 मीटर लांबीची दुर्बीण आडवी टाकली. डोंगरानेच तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर केला. आता ती एकाच आसाभोवती वळवली की पुरे.

उटीच्या मोजमापांवरून 1975 साली स्वरूप आणि विजय कपाही यांनी दाखवले, की विश्व काळागणिक बदलत आले आहे. हे स्थिर-स्थिती विश्वाच्या सिद्धान्ताविरुद्ध जात होते, आणि त्या सिद्धान्ताचे खंदे पुरस्कर्ते, कोल्हापूरचे जयंत नारळीकर, तेव्हा त्याच संस्थेत होते. एका छपराखाली असे दोन पक्ष नांदले, याचे मला फार अप्रूप वाटते.

चंद्राची वाट मात्र ठरलेली. त्या पट्ट्याबाहेरचे उगम तो झाकत नाही. म्हणून स्वरूप यांनी चंद्राचा आधार सोडला आणि आमच्या जुन्नर तालुक्यात, खोडदच्या परिसरात, 45 मीटरच्या तीस तबकड्या पंचवीस किलोमीटरांत पसरल्या. त्या सगळ्या मिळून एका डोळ्याचे काम करतात.

दर 28 फेब्रुवारीला खोडदला विज्ञानाची जत्रा भरते. मी पोरांना घेऊन जायची. मोबाइल बंद. एकदा एका मुलीने तबकडीकडे मान वर करून विचारले, "बाई, हिला तर भोकंच भोकं. लाटा गळून नाही का जात?"

"पिठाच्या चाळणीतून गहू पडतो का?" मी म्हटले. भोकापेक्षा लाट मोठी. वारा मात्र आरपार जातो, म्हणून एवढी मोठी तबकडी हलकी ठेवता आली.

परतताना अंधार पडला होता. पिधान समजावे म्हणून मी पोरांना बांधावरून चालवले. लांब एक दिवा खांबाआड चालला होता. तीच मुलगी थबकली, एक पाऊल मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"बाई, ट्रॅक्टर आहे तो. दोन दिवे!"