मुंबई ते लंडन : अंतर आणि अवधी

धर्मग्रामात कुणाचे निधन झाले आणि मुलगा विलायतेत असला, की अंत्यविधीची वेळ ठरविण्यापूर्वी आम्ही एकच प्रश्न विचारतो, "लंडनहून यायला किती तास?" "नऊ," असे उत्तर लगेच मिळते. पृथ्वीच्या गोलावर मोजले तर या दोन शहरांत सुमारे ७,२०० किलोमीटर अंतर आहे. ते कधीच बदलले नाही. बदलला तो अवधी. तोही केवळ यंत्राच्या वेगामुळे बदलला, असे इतिहास सांगत नाही.

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची ही टपालसेवा सुरू केली. प्रवास सात दिवसांचा. बाझेलपर्यंत विमान, तेथून जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, पुढे भूमध्य समुद्रावरून पाण्यावर उतरणारे विमान आणि इजिप्तपासून पुन्हा चाकांचे! गाझा, बगदाद, बसरा करीत ते इराणच्या किनाऱ्याने कराचीस पोहोचे. वाटेतले वाळवंट उजाड, वैमानिकाला खूण म्हणून एक झाड नाही. त्यासाठी ब्रिटिश हवाई दलाने १९२१ मध्येच अम्मान ते बगदाद या टप्प्यात जमिनीवर चाकोऱ्या उमटविल्या होत्या. काही ठिकाणी तर नांगराने तास ओढले होते. मराठीत नांगराच्या रेघेलाही तास म्हणतात आणि घड्याळाच्या साठ मिनिटांनाही. आमच्या शेतकरी वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

१९३२ मध्ये इराणच्या किनाऱ्याची वाट बंद झाली आणि विमाने आखाताच्या पलीकडच्या, अरबी किनाऱ्याने जाऊ लागली. शारजा हा मुक्काम तेव्हाचा. त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एक इंजिनाच्या लहानशा विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल आणून जुहूला उतरविले. विलायतेची हवाई वाट अशी मुंबईच्या दारी आली.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा करीत १० जूनला लंडनला उतरले. या वळणाने अंतर आठ हजार किलोमीटरांच्या घरात गेले, तरी बोटीच्या दोन-तीन आठवड्यांपुढे ते काय! दुर्दैवाने तेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी माँ ब्लाँ पर्वतावर आदळले; ४८ जीव गेले. १९६० मध्ये बोइंग ७०७ आले आणि दिवसांचा हिशेब तासांवर आला.

तथापि आकाश मोकळे झाले, असे मात्र नाही. प्रत्येक देशाच्या भूमीवरील आकाश त्याचेच, हे १९४४ च्या शिकागो करारात मान्य झालेले आहे. २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळात पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले, तेव्हा पश्चिमेच्या अनेक विमानांना वळसा पडला. वाऱ्याचाही वाटा असतोच. पश्चिमेचा वारा पाठीशी असल्याने लंडनहून येणे जाण्यापेक्षा थोडे लवकर होते.

गेल्या वर्षी एका मातेचा अंत्यविधी आम्ही चारऐवजी साडेपाचला ठेवला. मुलगा विमानतळावरून थेट आला आणि हातातली बॅग घेऊनच मंदिराच्या पायऱ्या चढला. पेटी अजून उघडी होती.