नको असलेला तुकाराम

झाडीपट्टीतल्या श्रोत्यांपुढे नटाविषयी बोलायचे म्हणजे जपून बोलले पाहिजे. दिवाळी सरली, धान घरात आले, की मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा या साऱ्या टापूत नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तो होळीपर्यंत चालतो. थंडीत रात्र रात्र बसून नाटक पाहणारा हा प्रेक्षक. नट त्याला एकदा नावडला म्हणजे नावडला. पुढच्या गावी तोच नट आहे असे कळले तर बैलबंडी जुंपायची की नाही याचा तो विचार करील. पण याच प्रेक्षकाला दंडारीत पुरुषाने लुगडे नेसून नाचण्याचे काही वावडे नाही. ज्या गृहस्थांविषयी मला बोलायचे आहे, त्यांच्यावर नेमका हाच आक्षेप होता की त्यांनी जन्मभर लुगडे नेसले. म्हणून त्यांची गोष्ट इथे सांगण्यात मला विशेष गोडी वाटते.

ते गृहस्थ म्हणजे विष्णुपंत पागनीस. 1929 साली कोल्हापुरात निघालेली आणि 1933 मध्ये पुण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी 1936 साली ‘संत तुकाराम’ काढीत होती. कथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे यांचे, दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल या जोडीचे. तुकारामाच्या कामासाठी पागनिसांचे नाव पुढे आले, तेव्हा प्रभातचेच भागीदार व्ही. शांताराम यांनी हरकत घेतली. पागनिसांची रंगभूमीवरची सारी हयात स्त्रीभूमिकांत गेलेली. त्यांच्या चालण्याबोलण्यात बायकीपणा मुरलेला. असा माणूस तुकोबा म्हणून कसा शोभावा? नट बदला, असे त्यांचे म्हणणे होते. दामले आणि फत्तेलाल यांनी ते मानले नाही.

आज त्या हरकतीला हसणे सोपे आहे. पण शांतारामबापूंवर अन्याय करण्याचे कारण नाही. त्यांची नजर चुकत नव्हती. पागनिसांच्या अंगात ते मार्दव खरोखरच होते, आणि चित्रपट पाहणाऱ्याला ते आजही दिसते. शिवाय एकच वर्ष आधी, 1935 साली, त्यांनी स्वतः ‘धर्मात्मा’ काढला होता. त्यात संत एकनाथांचे काम कोणी केले? साक्षात बालगंधर्वांनी! भामिनी, रुक्मिणी, सिंधू या भूमिकांनी ज्यांनी महाराष्ट्राला वेड लावले, त्यांना पुरुषवेषात, तेही संताच्या, पडद्यावर आणण्याचे धाडस प्रभातने केले. अस्पृश्यतेच्या प्रश्नाला हात घालणारा तो चित्रपट. मूळचे ‘महात्मा’ हे नावही सेन्सॉरमुळे बदलावे लागले. एवढे करूनही अपेक्षा होती तसे यश काही आले नाही, आणि बालगंधर्वांची व प्रभातची सोबत तेवढ्यावरच संपली. स्त्रीपार्टी नटाचा संत करण्याचा प्रयोग एकदा अंगाशी आल्यावर वर्षाच्या आत तोच पुन्हा करायचा, आणि तोही बालगंधर्वांहून पुष्कळ कमी नावाच्या नटाला घेऊन, याला कोणता व्यवहारी माणूस मान हलवील?

मग बालगंधर्वांना जे साधले नाही ते पागनिसांना का साधले? माझ्या मते कमी नाव हाच त्यांचा मोठा फायदा ठरला. एकनाथांना पाहताना प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढून सिंधू हलत नव्हती. पागनिसांच्या बाबतीत डोळ्यांपुढून हलवायचे असे फारसे काही नव्हते. पण एवढ्याने भागत नाही. खरी मेख भूमिकेत आहे. वाशीकरांनी उभा केलेला तुकाराम हा घरात ज्याचा अधिकार चालत नाही असा पुरुष आहे. घर चालवते ती जिजाई. गौरी नावाच्या नटीने ते काम केले. प्रभातमध्ये अगदी किरकोळ कामापासून ती वर आली होती. ती म्हैस सांभाळते, पोरांना दटावते, नवऱ्याला फटकारते आणि मूल आजारी पडले की हातात पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला थेट देवळात जाते. असल्या बाईसमोर कोणी भरदार छातीचा, खर्जातल्या आवाजाचा नट उभा केला असता तर काय झाले असते? रोज उठून भांडण झाले असते, दुसरे काय! पागनीस तिच्यापुढे नुसते मान तिरकी करून उभे राहतात, थोडे हसतात, आणि संसारात असून नसलेला माणूस आपल्यापुढे उभा राहतो. शिवाजीमहाराजांचा नजराणा घरी येतो, पोरे नवे कपडे अंगावर चढवून नाचतात, आणि हा कष्टी होतो. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रागाचा मागमूस नसतो. हे मार्दव त्यांनी कुठे कमावले? ज्या लुगड्यामुळे ते नको होते त्याच लुगड्यात, वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या मनाने चालण्याबसण्याची सवय करून.

गाण्याचेही तेच. चित्रपटाच्या आरंभीच पागनीस विठ्ठलापुढे अभंग गातात, पुष्कळ वेळ आणि संथपणे. लगेच तोच अभंग सालोमालो आपला म्हणून गातो. भागवतांनी हे काम नाटकी हावभावांनी रंगवले आहे. नटवेपणा म्हणजे काय हे पाहायचे असेल तर ते तिथे पाहावे. रंगभूमीत वाढलेला नट तुकाराम होऊन साधेपणाने गातो आणि रंगभूमीचा सारा नखरा त्याच्या वैऱ्याच्या वाट्याला जातो! दामले-फत्तेलालांनी हे ठरवून केले असावे असे मला वाटते. दामले ध्वनिलेखनातले आणि फत्तेलाल कलादिग्दर्शनातले. फार बोलणारी माणसे नव्हेत, पण कान आणि डोळा दोन्ही पक्के.

12 डिसेंबर 1936 रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात चित्रपट लागला आणि 57 आठवडे चालला. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची निवड झाली. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले एक गीत तर जाणत्या मंडळींनी तुकोबांच्या गाथेत शोधले, इतके ते तुकोबांचे वाटले. आणि पागनिसांचे काय? रणजितने 1939 साली त्यांना ‘संत तुलसीदास’मध्ये घेतले, प्रकाशने 1940 साली ‘नरसी भगत’मध्ये. जो माणूस संत म्हणून नको होता, त्याला आता संताखेरीज कोणी दुसरे काही होऊ देईना. हाही एक प्रकारचा जाचच. पण स्त्रीपार्टीच्या नटांना उतरत्या वयात जे भोग आले त्यांच्या मानाने सोसवणारा.

आपल्याकडच्या नटालाही असे हिणवणे चुकलेले नाही. झाडीपट्टीचा नट ओरडतो, असे शहरातले जाणकार म्हणत आले. ओरडतो हे खरेच आहे. कापणी झालेल्या बांधीत मंडप, समोर दहा गावची माणसे, पहाटेपर्यंत चालणारा प्रयोग, आणि ध्वनिक्षेपक नव्हता त्या काळापासून चालत आलेली आवाजाची रीत! 2023 साली याच रंगभूमीवर विनोदी कामे करीत आलेले गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्यानंतर तरी त्या ओरडण्याकडे कान देऊन पाहणारे थोडे वाढले असतील.

पागनीस 1943 साली गेले. तुकोबांची तसबीर म्हणून घराघरांत जी चित्रे लागली, त्यांतल्या पुष्कळांत चेहरा त्यांचा आहे. तिच्यापुढे उदबत्ती लावणाऱ्यांपैकी किती जणांनी तो चित्रपट पाहिला असेल, देव जाणे.