सोनचाफा

सोनचाफा (शास्त्रीय नाव: मॅग्नोलिया चंपाका) हा मॅग्नोलिएसी कुळातील सदाहरित वृक्ष आहे. पिवळ्या ते केशरी रंगाच्या अतिशय सुगंधी फुलांसाठी तो महाराष्ट्रात घराच्या अंगणात, देवळांच्या आवारात आणि फुलशेतीत लावला जातो. संस्कृतमध्ये त्याला चंपक म्हणतात. मॅग्नोलिया प्रजातीतील वृक्षांपैकी महाराष्ट्राच्या हवामानात सर्वाधिक रुळलेला वृक्ष हाच आहे.

## नाव व वर्गीकरण

कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये या वृक्षाचे वर्णन मिशेलिया चंपाका या नावाने केले. पुढे मिशेलिया ही प्रजाती मॅग्नोलियात समाविष्ट करण्यात आली. रोपवाटिकांत मात्र जुने नाव अजूनही आढळते. मॅग्नोलिया हे नाव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर मान्योल (१६३८–१७१५) यांच्या सन्मानार्थ १७०३ मध्ये देण्यात आले.

मराठीत ‘चाफा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सर्व वनस्पती एका कुळातील नाहीत. देवचाफा किंवा खुरचाफा (प्लुमेरिया), हिरवा चाफा, नागचाफा व भुईचाफा हे मॅग्नोलिएसी कुळातील नाहीत. कवठी चाफा मात्र मॅग्नोलियाच आहे. नामसाम्यामुळे रोप खरेदी करताना फसगत होऊ शकते. देवचाफ्याची फांदी तोडल्यास पांढरा चीक येतो, सोनचाफ्याला चीक नसतो.

## वर्णन

नैसर्गिक अवस्थेत हा वृक्ष ३० मीटर किंवा त्याहून उंच वाढतो. पूर्व हिमालय, ईशान्य भारत, पश्चिम घाट आणि आग्नेय आशियातील दमट वने हे त्याचे मूळ क्षेत्र होय. पाने साधी, एकाआड एक, लांबट व टोकदार असतात. फुले पानांच्या बगलेत एकेकटी येतात. पाकळ्या व निदलपुंज वेगळे ओळखता येत नाहीत. सारखीच दिसणारी साधारण १२ ते २० दले असतात. फळ अनेक लहान पेटिकांच्या घोसासारखे असून पेटिका उकलल्यावर लाल गरात गुंडाळलेल्या बिया दिसतात. त्या पक्षी खातात.

मॅग्नोलिया हा सपुष्प वनस्पतींचा एक प्राचीन गट आहे आणि त्यात परागीभवन मुख्यतः भुंगेरे करतात. भ्रमर चाफ्याच्या फुलाकडे जात नाही, असा संकेत संस्कृत काव्यात रूढ आहे.

## वसंतात फुलणारे मॅग्नोलिया आणि महाराष्ट्र

युरोप, चीन व जपानमध्ये वसंत ऋतूत पानांआधी फुलणारे मॅग्नोलिया पानझडी असतात. त्यांपैकी सर्वाधिक लागवडीचा सूलांजियाना हा संकर एत्येन सूलांज-बोदँ यांनी १८२० मध्ये पॅरिसजवळ तयार केला. या वृक्षांच्या कळ्या हिवाळ्यात सुप्त राहतात. ती सुप्तावस्था नीट पूर्ण होण्यासाठी दीर्घकाळ टिकणारी थंडी लागते. पुणे जिल्ह्यातील सौम्य व अल्पकालीन हिवाळ्यात ती मिळत नाही. शिवाय एप्रिल-मे महिन्यांतील कोरडी उष्णता या झाडांना सोसत नाही. त्यामुळे चित्रांत दिसणारे गुलाबी मॅग्नोलिया पठारी प्रदेशात लावण्यापेक्षा त्याच प्रजातीतील सोनचाफा निवडणे योग्य ठरते. सोनचाफ्याला थंडीची गरज नसते. वसंताच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत त्याला बहर येतो, आणि चांगल्या कलमांवर वर्षातील बराच काळ फुले मिळतात.

## पठारी प्रदेशातील लागवड

शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमा हे गाव भीमा नदीकाठी, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेले आहे. शिरूर व दौंड तालुक्यांचा हा परिसर सोनचाफ्याच्या मूळ दमट अधिवासाहून बराच वेगळा आहे. येथे कमी पाऊस, कोरडे उष्ण वारे, निचरा न होणारी काळी जमीन आणि चुनखडी या चार अडचणी संभवतात. यांपैकी पाऊस व वारा यांवर पाणी आणि आडोसा हा उपाय असतो. जमिनीची तयारी मात्र लागवडीपूर्वीच करावी लागते.

सोनचाफ्याला किंचित आम्लधर्मी ते उदासीन, सेंद्रिय द्रव्यांनी युक्त व निचऱ्याची जमीन मानवते. काळ्या जमिनीत सुमारे ६० सेंटीमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो तांबडी माती, कुजलेले शेणखत व पालापाचोळ्याचे खत यांनी भरावा. भोवतालची माती चिकण असल्यास असा खड्डा पावसाळ्यात हौदासारखा पाणी धरून ठेवतो. म्हणून लागवड सभोवतालच्या पातळीपेक्षा उंच वरंब्यावर करावी आणि पाणी बाहेर जाण्यास चर ठेवावा. पावसाळ्याच्या सुरुवातीचा काळ लागवडीस सर्वांत सोयीचा असतो.

मुळे मांसल व नाजूक असल्याने पिशवी फाडताना मातीचा गोळा फुटू देऊ नये. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहील असे रोप लावावे. झाड एकदा रुजल्यावर स्थलांतर सहसा सोसत नाही, म्हणून जागा आधीच विचारपूर्वक ठरवावी. बियांपासूनचे झाड मोठा वृक्ष होत असल्याने ते भिंत व विजेच्या तारांपासून दूर असावे.

## अभिवृद्धी

बियांची उगवणक्षमता लवकर नष्ट होते. त्यामुळे लाल गर धुऊन ताज्या बियाच पेराव्यात. अशा झाडाला फुले येण्यास अनेक वर्षे लागतात आणि फुलांचा रंग व गंध मातृवृक्षासारखाच असेल याची खात्री नसते. म्हणून घरगुती बागेसाठी कलम श्रेयस्कर असते. सोनचाफ्याच्याच बीरोपावर भेट कलम वा शेंडा कलम केले जाते. अशी कलमे लवकर फुलतात व ठेंगणी ठेवता येतात. कोकणातील ‘वेलणकर’ चाफ्याची कलमे बागायतदारांत परिचित आहेत. पांढऱ्या फुलांच्या संकरित चाफ्याला बिया क्वचितच धरत असल्याने त्याची वाढ कलमांद्वारेच होते.

## निगा

पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात रोपाला दुपारच्या उन्हापासून सावली व पश्चिमेच्या वाऱ्यापासून आडोसा द्यावा. माती सतत ओलसर असावी. तिच्यात पाणी साचू नये. बुंध्यापासून थोडे अंतर सोडून पालापाचोळ्याचे आच्छादन केल्यास ओल टिकते व मुळे थंड राहतात. आळे खणताना खोल खुरपणी टाळावी.

नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागल्यास ते बहुधा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते. चुनखडीयुक्त मातीत लोह असूनही ते मुळांना घेता येत नाही. त्यामुळे हिराकस नुसती जमिनीत घातल्याने फारसा उपयोग होत नाही. तिच्या सौम्य द्रावणाची पानांवर फवारणी किंवा चिलेटेड लोह अधिक परिणामकारक ठरते. विहिरीचे पाणी जड असल्यास शक्य तेव्हा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. पिवळेपणा पाहून अधिक पाणी देण्याची चूक सामान्यतः होते. काळ्या जमिनीत त्यामुळे मुळे कुजतात आणि झाड दगावते.

फुले नव्या फुटीच्या पानांच्या बगलेत येत असल्याने बहर ओसरल्यावर हलकी छाटणी करावी. शेंडा खुडल्यास फांद्या वाढतात व फुले हाताशी राहतात. जोडाखालून आलेली फूट तत्काळ काढावी, अन्यथा मूळ बीरोप कलमावर मात करते. मोठ्या कुंडीतही कलम वाढते; मात्र कुंडीला तळाशी पुरेशी छिद्रे हवीत.

खवले कीड व पिठ्या ढेकूण यांचा उपद्रव होतो. प्रादुर्भाव थोडा असल्यास ते पुसून काढून निंबोळी अर्क फवारावा. टेल्ड जे या फुलपाखराच्या अळ्याही पाने खातात. मोठ्या झाडाला त्यांच्यापासून सहसा धोका नसतो.

## उपयोग

फुले पूजेसाठी व केसांत माळण्यासाठी वापरली जातात. त्यांपासून सुगंधी तेल व अत्तर काढतात. वसई परिसरातील फुले मुंबईच्या दादर फूलबाजारात विक्रीस जातात. उमललेले फूल लवकर काळवंडत असल्याने तोडणी पहाटे, कळी उमलण्याच्या बेतात असताना करतात. वृक्षाचे लाकूड फर्निचरसाठी उपयोगी पडते.