दुकानात नसलेल्या खेळाचा वर्ल्ड कप

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९८२ पासून चॅनल फोरवर अमेरिकन फुटबॉल दिसायला लागला. चॅनलही तेव्हा नवंकोरं होतं. ज्या देशात फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ, तिथल्या पोरांना खांद्यांवर उशा बांधून एकमेकांवर आदळणारे आडदांड बाप्ये भलतेच आवडले. ऑगस्ट १९८६ मध्ये तर वेम्बलीच्या मैदानावर शिकागो बेअर्स आणि डॅलस काउबॉइज येऊन खेळून गेले. त्याच वर्षी गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीतल्या जर्विस जॉन्सनचा 'ब्लड बोल' हा बोर्डगेम आला. टोलकीनछाप जगातले ऑर्क, एल्फ, बुटके आणि उंदीरमाणसं अमेरिकन फुटबॉल खेळतात, आणि त्यात हाणामारी नियमात बसते, अशी कल्पना. खेळाच्या देवाचं नाव नफल. एन, एफ, एल ही अक्षरं एका दमात म्हणून बघा, देव कुठून आला ते कळेल.

पहिल्या आवृत्तीतले खेळाडू पुठ्ठ्याचे होते. इंग्लंडमध्ये याला परंपरा आहे. पीटर अॅडॉल्फने १९४७ च्या सुमारास 'सबुटिओ' हा टेबलावरचा फुटबॉल विकायला काढला, तेव्हा त्याचेही खेळाडू पुठ्ठ्याचेच होते. मैदान तर मिळतच नसे. डब्यात खडूचा तुकडा असायचा, आणि लष्करातलं जुनं ब्लँकेट अंथरून त्यावर रेघा स्वतःच मारा अशी सूचना. आपल्या आवडत्या क्लबच्या रंगात टीम रंगवायची सवय दोन पिढ्यांना तिथूनच लागलेली. १९८८ च्या दुसऱ्या आवृत्तीत ब्लड बोलला प्लॅस्टिकचे खेळाडू आणि थर्माकोलसारख्या फोमचं मैदान मिळालं.

पण आज आपण जो खेळ खेळतो तो १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीतला. लांबीला २६ आणि रुंदीला १५ चौकोन, मैदानात अकरा खेळाडू, प्रत्येक हाफमध्ये दोघांच्या आठ-आठ पाळ्या. टक्कर ठरवायला चित्रांचे फासे आले आणि 'टर्नओव्हर'चा नियम आला: तुमचा खेळाडू पडला किंवा चेंडू सांडला की पाळी तिथेच संपली, उरलेले बसा बघत. या एका नियमाने खेळ बदलला. आता प्रत्येक पाळीत आधी खात्रीच्या चाली आणि मग धोक्याच्या असा हिशेब करावा लागतो. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहिते, आणि एवढ्या कमी अक्षरांत एवढं वागणं बदलणारा नियम मला कामावर फारसा भेटलेला नाही.

मला खरं कुतूहल आहे ते लीगचं. बुद्धिबळात पुढच्या डावाला घोडा परत येतो. ब्लड बोलच्या लीगमध्ये येत नाही. दहा लाख सोन्याच्या नाण्यांत तुम्ही टीम उभी करता, ती सामन्यामागून सामने खेळते, खेळाडू गुण कमावतात, कौशल्यं शिकतात, जायबंदी होतात, मरतात. मेला तो मेला. कागदावरून त्याचं नाव खोडायचं.

यातून एक अडचण आली. जी टीम जिंकते ती जगते, जगते ती शिकते, आणि शिकलेली टीम आणखी जिंकते. तिसऱ्या आवृत्तीतल्या मुरलेल्या टीमसमोर नवी टीम म्हणजे गल्लीतल्या पोरांनी रणजीच्या संघाशी मॅच घेतल्यासारखं. २००१ च्या चौथ्या आवृत्तीनंतर नियम कुलूपबंद न ठेवता 'लिव्हिंग रूलबुक' म्हणून इंटरनेटवर फुकट ठेवले गेले. जर्विस जॉन्सन आणि कंपनीबाहेरचे जाणते खेळाडू यांची समिती ठरावीक काळाने त्यांत दुरुस्त्या करू लागली. मुरलेल्या टीमांना आवरायचा त्या काळातला उपाय होता म्हातारपण. खेळाडू नवं कौशल्य शिकला की दोन फासे टाकायचे, वाईट पडले तर त्याला कायमचं दुखणं. हिशेबात हे चोख होतं. पण माणसाला शाबासकी देता देताच त्याचा गुडघा मोडायचा, हे कोणाला आवडणार?

पाचव्या रूलबुकात समितीने म्हातारपण काढून टाकलं. त्याजागी आलेली युक्ती मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. दोन टीमांच्या किमतीत जो फरक असेल, तेवढी रक्कम दुबळ्या टीमला त्या सामन्यापुरती खर्च करायला मिळते. तिच्यातून जादूगार आणा, एखादा भाडोत्री स्टार आणा. बलवानाचं काही काढून घ्यायचं नाही, दुबळ्याला हात द्यायचा.

२००९ च्या सहाव्या रूलबुकानंतर समितीचं काम थांबलं. २०१३ च्या सुमारास कंपनीने ब्लड बोल विकणंच बंद केलं. एरवी बोर्डगेम अशा वेळी मरतात. इथे नियम प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर होते. 'नॅफ' नावाची खेळाडूंची संघटना स्पर्धांना मान्यता देत होती, क्रमवारी ठेवत होती आणि सभासदांना चित्रांचे फासे पाठवत होती. इटली-स्पेनमधले छोटे शिल्पकार ट्रेडमार्कची नावं टाळून टीमच्या टीम ओतून विकत होते. २०१५ मध्ये इटलीतल्या लुक्कामध्ये ब्लड बोलचा वर्ल्ड कप झाला, तेव्हा कंपनी हा खेळ विकत नव्हती.

मग २०१६ मध्ये कंपनी परत आली, चकचकीत डबा घेऊन. आतले नियम बहुतांशी त्या फुकट रूलबुकातलेच होते, आता विकत. कायद्याने यात काही गैर नाही, कारण लिव्हिंग रूलबुकवर हक्क पहिल्यापासून कंपनीचाच होता. तरी हे व्यवहाराला धरून झालं म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही. ओपन सोर्समध्ये निदान लायसन्स नावाचा कागद असतो, ज्यांनी फुकट राबून वस्तू जिवंत ठेवली त्यांचा तिच्यावर काय हक्क हे त्यात लिहिलेलं असतं. इथे असा कागदच नव्हता. दुसरी बाजूही आहे: कंपनी परतल्यावर जेवढी नवी माणसं या खेळात आली, तेवढी आम्हा चिवट लोकांनी कधीच आणली नसती. २०२० च्या आवृत्तीत चेंडू फेकण्याचा वेगळा आकडा आला, गुणांचा हिशेब बदलला. ती आवृत्ती चांगली आहे.

आम्ही पुण्यातले सहाजण मात्र २००९ चंच रूलबुक वापरतो. मैदान फ्लेक्सवर छापून घेतलंय, साडेतीन सेंटिमीटरचा चौकोन धरला तर तीन फूट बाय पावणेदोन फूट होतं. दुकानदार एरवी भाऊ-दादांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स छापतो. 'फोटो कुणाचा टाकायचा?' एवढंच त्याने विचारलं. माझी टीम हाफलिंगांची, म्हणजे हॉबिटांचे चुलतभाऊ. ही खेळातली सगळ्यात दुबळी टीम समजतात. एक हाफलिंग ३०,००० ला, चालतं झाड १,२०,००० ला. चौदा हाफलिंग आणि दोन झाडं घेतली की ६,६०,००० जातात, उरलेल्यात रीरोल आणि वैदू. झाडाचं काम हाफलिंगाला उचलून गोलरेषेकडे भिरकावणं. तो चेंडूसकट पायांवर उतरला तर उतरला.

अंगाला तारेचा सांगाडा, वर एम-सील. ते कडक व्हायच्या आत ओल्या टाचणीने नाक-कान काढायचे, मग पातळ केलेले कॅमलिनचे अॅक्रिलिक रंग. बूड म्हणून पाण्याच्या बाटलीची बुचं. झाडं कडुनिंबाच्या वाळक्या काटक्यांची आहेत. हाफलिंग खादाड म्हणून टीमचं नाव पंगत, आणि खेळाडू जिलबी, मठ्ठा, कोशिंबीर, पापड, अळूचं फदफदं. आमच्या टीमची किंमत कधीच वाढत नाही, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक सामन्यात फरकाची रक्कम हातात पडते. तिच्यातून मी आचारी बोलावते. तो प्रत्येक हाफच्या सुरुवातीला तीन फासे टाकतो, आणि चार किंवा जास्त पडलेल्या प्रत्येक फाशाला समोरच्याचा एक रीरोल पळवून आम्हाला वाढतो. पाचव्या रूलबुकाचे उपकार.

साधा ठोसा बसून हाफलिंग पडला, तर त्याचं कवच फुटण्याची शक्यता ३६ पैकी २१. कोशिंबीर तिसऱ्या सामन्यात ऑर्कांच्या हातून मेली, वैदूचा फासाही वाया गेला. नियमाप्रमाणे तीच बाहुली दुसऱ्या नावाने पुढच्या सामन्यात उतरवता येते आणि बाकीचे पाचजण तसंच करतात. मी दर वेळी नवी वळते. मेलेल्यांचा डबा वेगळा आहे, त्यात सध्या नऊजण आहेत.