लहान फ्लाय बांधायला काय घ्यावं?

फ्लाय म्हणजे गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा. गळाचा नंबर उलटा चालतो: 12 पेक्षा 18 लहान. लहान फ्लाय बिघडते ती बहुतेक दोऱ्यामुळेच. शिलाईच्या दोऱ्याचे चार-पाच वेढे दिले की डोकं फुगतं, नेढं बुजतं. म्हणून ऑनलाइन घेताना 70 डेनियर किंवा त्याहून कमी बघा. डेनियर म्हणजे 9,000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन.

पिसांसाठी शेंदूरजनाघाटात पार्सल कशाला मागवायचं? गावरान कोंबड्याच्या मानेचं पीस मस्त चालतं. त्याचे तंतू गळाचं टोक आणि दांडी यांतल्या अंतराच्या साधारण दीडपट हवेत. पीस गळाशेजारी धरून मोबाइलच्या मॅक्रो कॅमेऱ्यातून बघा. कडक, चकाकतं पीस तरंगणाऱ्या फ्लायला, मऊ पीस बुडणाऱ्या.

व्हिडिओत ‘जंगल कॉक’ ऐकलं की थांबा. तो आपला करडा रानकोंबडा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे. रानात पडलेलं पीसही उचलू नका. मोराच्या आपोआप गळलेल्या पिसांना देशात सूट आहे, पण ती परदेशातल्या मित्राला कुरियर करता येत नाहीत.