मणिबेलीचा भाव कुणी ठरवला?

(पोस्ट लांब आहे. जमेल तेव्हा निवांत वाचा.)

"सरकारने फुकट वाटणं बंद करावं, बाजार मोकळा सोडावा, ज्याच्यात दम आहे तो वर येईल." हे वाक्य मी तळोद्यात, नंदुरबारला, एसटीत, लग्नाच्या पंगतीत इतक्यांदा ऐकलंय की आता बोलणाऱ्याच्या आधी मलाच ते पूर्ण करता येतं. समोरचं उत्तरही ठरलेलं असतं: "बाजार म्हणजे लूट, सगळं सरकारनेच करायला पाहिजे." या दोन्ही मंडळींना मी एकच गाव दाखवतो. आपल्याच जिल्ह्यातलं. मणिबेली.

अक्कलकुवा तालुक्याच्या पार टोकाला, नर्मदेच्या काठावर. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, त्यातलं हे पहिलं, कारण धरणाच्या भिंतीला हेच सगळ्यात जवळ. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ इथेच होतं, तेही आता पाण्यात आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कित्येकांना हे गाव नकाशावर दाखवता येणार नाही. पण १९९४ साली ४४ देशांमधल्या ३२६ संघटनांनी 'मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवा' असा जाहीरनामा जागतिक बँकेला दिला, त्याला नाव दिलं होतं मणिबेलीचं.

तर प्रश्न असा. या गावाची किंमत किती होती आणि ती कुणी ठरवली?

आधी गावाकडे काय होतं ते बघू. डोंगरउतारावर ज्वारी, मका, तूर, मोर, बंटी. नदीत मासे. जंगलात महू, तेंदू, डिंक, चारा, घराला लाकूड. शेतीचं मोठं काम निघालं किंवा घर उभारायचं असलं की 'लाह', म्हणजे अख्खा फळा मदतीला येणार, मजुरी नाही, जेवण द्यायचं आणि उद्या त्याच्याकडे आपण जायचं. एखाद्याचं पीक गेलं तर जंगल आणि नदी त्याला दोन-चार महिने तगवायची. मी हे गोड करून सांगत नाही. हिवताप होता, दवाखाना नव्हता, बाळंतपणात बाया जायच्या. मीठ, कापड, लोखंडासाठी व्यापाऱ्याकडे जावं लागायचं आणि तोलकाट्यात फसवणूक व्हायची. पण उपाशी राहायची वेळ आली म्हणून दुसऱ्याच्या बांधावर उभं राहायचं, हे फारसं नव्हतं. आज आपण ज्याला सामाजिक सुरक्षा म्हणतो ती या लोकांकडे होती. कागदावर नव्हती एवढंच.

आणि कागदावर नसणं हेच पुढे महागात पडलं.

भूसंपादनाचा कायदा १८९४ चा, इंग्रजांचा. त्यात मोबदला म्हणजे अधिसूचनेच्या दिवशीचा बाजारभाव, वर थोडी दिलासा रक्कम. बाजारभाव कसा काढायचा? आजूबाजूचे खरेदीखत बघायचे. मणिबेलीच्या आजूबाजूला कसले खरेदीखत? जमीन विकायची वस्तू आहे असं तिथे कुणी मानतच नव्हतं. शिवाय १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला सहजासहजी विकता येत नाही (आणि ते योग्यच आहे). त्यातून बरीचशी जमीन म्हणजे नेवाड, पिढ्यान् पिढ्या कसलेली पण सरकारदरबारी जंगल. सातबारा नाही म्हणजे मालक नाही, मालक नाही म्हणजे मोबदला नाही. नदीचे मासे, महूची झाडं, लाह यांचा तर रकानाच नव्हता. जिथे बाजारच नाही तिथला बाजारभाव काढायला निघालं की उत्तर शून्याच्या आसपास येणारच.

आता मुक्त बाजारवाल्या मित्रांना माझं सांगणं. बाजाराचा पहिला नियम काय? विकणाऱ्याला 'नाही' म्हणता आलं पाहिजे. मोलगीच्या बाजारात आमचूर घेऊन आलेल्या बाईला भाव पटला नाही तर ती टोपली उचलून पुढच्या व्यापाऱ्याकडे जाते. १८९४ च्या कायद्यात भावावरून कोर्टात जाता येत होतं, पण 'द्यायचंच नाही' असं म्हणायची सोय नव्हती. म्हणजे किंमत बाजाराची आणि विक्री सक्तीची. याला कुठल्या पुस्तकात मुक्त बाजार म्हणतात?

हे काही मणिबेलीपासून सुरू झालं नाही. १९२१ साली मुळशीला टाटांच्या कंपनीने मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला धरण बांधायला घेतलं. खाजगी कंपनी, खाजगी नफा. पण पन्नासहून अधिक गावांतल्या मावळ्यांची जमीन घ्यायला तिने सरकारचा हाच कायदा वापरला. सेनापती बापट आणि मावळे लढले, तीन वर्षं टिकले, शेवटी हरले. त्या लढ्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बऱ्याच जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर होत्या. त्यांना चांगला मोबदला मिळाल्यावर त्यांचा विरोध मावळला. कसणारा कूळ मात्र जमिनीबरोबर सगळंच घालवून बसला. रोख पैसा कागदामागे जातो, घामामागे जात नाही.

मणिबेलीच्या वेळी एक फरक होता. १९७९ च्या नर्मदा लवादाच्या निवाड्यात लिहिलं होतं, जमिनीच्या बदल्यात जमीन. ज्याची पाव हिश्शाहून जास्त जमीन जाते त्याला किमान दोन हेक्टर, ओलिताखाली येऊ शकेल अशी, आणि सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा. पुनर्वसन आधी, बुडित नंतर. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. अर्थात नेवाडवाले यात नव्हते. त्यांना आत घ्यायला लोकांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

१९८५ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्पाला ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. सगळ्या जगाला बाजार शिकवणाऱ्या बँकेने सरकारी प्रकल्पाला पैसा दिला आणि तो उभा राहणार होता सक्तीच्या संपादनावर. मणिबेलीच्या लोकांनी हटायला नकार दिला. १९९१ पासून पावसाळ्यात तिथे सत्याग्रह सुरू झाले, मेधाताई आणि गावकरी पाण्याची वाट बघत बसायचे. पोलीस यायचे, अटका व्हायच्या. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने जून १९९२ मध्ये अहवाल दिला की सध्याच्या परिस्थितीत पुनर्वसन होऊच शकत नाही. मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज बंद झालं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं. बँक गेली, धरण राहिलं.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००० मध्ये बांधकामाला परवानगी दिली, पण जमिनीला जमीन ही अट कायम ठेवली. या अटीचं मोल किती, ते शेजारच्या मध्य प्रदेशात दिसलं. तिथल्या सरकारने जमीन शोधायचा त्रास नको म्हणून रोख पॅकेज काढलं. ५ लाख ५८ हजार, दोन हप्त्यांत. म्हणजे 'पैसे घ्या, बाजारात जाऊन आपली जमीन आपण घ्या.' ऐकायला किती स्वतंत्र वाटतं! झालं काय? तेवढ्यात दोन हेक्टर जमीन कुठेच मिळेना. दुसरा हप्ता हवा तर खरेदीखत दाखवायचं, मग दलाल आले, खोट्या रजिस्ट्र्या झाल्या. इतक्या झाल्या की उच्च न्यायालयाला न्यायमूर्ती झा आयोग नेमावा लागला. आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६८१ कुटुंबांना दोन हेक्टरसाठी प्रत्येकी ६० लाख रुपये द्यायला सांगितले. काही वर्षांपूर्वी सरकारने पाच-साडेपाच लाख धरले होते. हिशेब तुम्हीच करा.

आपल्याकडे जमिनीला जमीन मिळाली म्हणून सगळं छान झालं असं अजिबात नाही. तळोद्याचं सुमारे ४२०० हेक्टर जंगल त्यासाठी मोकळं केलं गेलं. सोमावल, रोझवा या वसाहती तिथल्याच. तिथे आधीपासून अतिक्रमण म्हणून कसणारे दुसरे आदिवासी होतेच. गरिबासमोर गरीब उभा राहिला. मणिबेलीची काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला गेली, तिथल्या जमिनीबद्दल आणि पाण्याबद्दल तक्रारी राहिल्या. काही कुटुंबं जुन्या गावाच्या वरच्या डोंगरावर सरकली आणि आजही तिथेच आहेत. कुणाचं नाव यादीत, कुणाचं अघोषित, हे वर्षानुवर्षं चालू राहिलं. पण ज्यांच्या नावावर दोन हेक्टर खरंच लागली, त्यांच्यात आणि ज्यांच्या नावावर काहीच लागलं नाही त्यांच्यात फरक बघायचा असेल तर दिवाळीच्या आसपास बघा. एक जण घरी कापूस वेचत असतो. दुसरा बायकापोरांसह ट्रकमध्ये बसून बारडोलीकडच्या ऊसतोडीला निघालेला असतो.

त्या ट्रकमधला करार 'मुक्त' आहे का? कागदावर आहे. कुणी बंदूक लावलेली नसते. पण उचल कधी घेतली जाते बघा. पावसाळ्यात, घरातलं धान्य संपलेलं, पोर आजारी, तेव्हा मुकादम दारात येतो. तिकडे फडावर पंधरवड्याला धान्यासाठी 'खावटी' मिळते आणि हंगाम संपल्यावर अनेक ठिकाणी ती दीडपटीने कापली जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता, रात्री-अपरात्री गाडी भरायची, हिशेबाला उभं राहिलं की हातात थोडंच. गंमत म्हणजे आपल्या राज्य सरकारच्या योजनेचं नावही 'खावटी'च. पावसाळ्यात आदिवासींना धान्य आणि पैसा मिळावा म्हणून १९७८ मध्ये खावटी कर्ज सुरू झालं, २०२० मध्ये कोविडच्या काळात त्याचं चार हजारांचं अनुदान झालं. शब्द एकच. एका खावटीने माणूस मुकादमाच्या ट्रकमध्ये बसतो, दुसरी वेळेवर मिळाली तर कदाचित बसत नाही. 'वेळेवर' आणि 'कदाचित' हे दोन्ही शब्द मी मुद्दाम लिहिलेत, कारण सरकारी खावटी पावसाळा संपल्यावर आलेलीही आपण पाहिलीय.

गुजरात सरकारने काही वर्षांपूर्वी ऊसतोडीचा किमान दर टनाला २३८ वरून ४७६ रुपये केला. एका दिवसात ऊस दुप्पट गोड झाला नव्हता की मजूर निम्मे झाले नव्हते. संघटनांनी मागणी लावून धरली होती. आपल्या शहाद्यातही १९७२ नंतर सालदारांची मजुरी वाढली ती श्रमिक संघटनेमुळे, अंबरसिंग महाराजांसारख्या माणसांमुळे. बहात्तरच्या दुष्काळातच रोजगार हमीची कामं महाराष्ट्रभर उघडली, १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसाय कराचा पैसा खेड्यातल्या कामाला लावला. सरकारी काम जवळ असलं की बांधावर मालकाशी बोलताना मजुराचा आवाज बदलतो, हे कुठल्याही जुन्या सालदाराला विचारा.

बाजारवाल्यांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मणिबेली बाजाराने बुडवलेली नाही. ती सरकारने बुडवली, लोकहिताच्या नावाने. म्हणून सगळं सरकारच्या हाती द्या म्हणणाऱ्यांनीही जरा जपून बोलावं. सौदा मुक्त व्हायचा तर 'नाही' म्हणणाऱ्याच्या घरात त्या दिवशी चूल पेटली पाहिजे आणि त्याचं 'नाही' कायद्यात मोजलं गेलं पाहिजे.

दुसऱ्या गोष्टीत थोडी प्रगती आहे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्यात खाजगी प्रकल्पाला ८० टक्के, सरकारी-खाजगी भागीदारीला ७० टक्के बाधितांची संमती लागते. निव्वळ सरकारी प्रकल्पाला ही अट नाही. म्हणजे सरदार सरोवरासारखं धरण यातून सुटतं. पण त्याच कायद्याच्या कलम ४१ मध्ये अनुसूचित क्षेत्रासाठी वेगळी तरतूद आहे: तिथे कुठलंही संपादन असो, ग्रामसभेची आगाऊ संमती लागते. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा अनुसूचित क्षेत्रात येतात.

आपल्याकडच्या किती ग्रामसभांत हे कलम वाचून दाखवलं गेलंय? पुढच्या ग्रामसभेला जाताना त्याची प्रत काढून न्या आणि ग्रामसेवकाला मोठ्याने वाचायला सांगा. कुणाकडे सोप्या भाषेतली किंवा भिलोरी, पावरीतली प्रत असेल तर मला कळवा, झेरॉक्सचा खर्च मी करतो.